पुस्तक पृथ्वीला ओढतं

परवा आमच्या संस्थेच्या नववी विज्ञानाच्या गाईडची नवी आवृत्ती हाती पडली. मी मराठीचा मास्तर, विज्ञानाच्या गाईडशी माझं काय देणंघेणं? पण मी सरळ गतीच्या नियमांचा धडा उघडला, बोट फिरवत त्या एका प्रश्नावर आलो आणि बघतो तर उत्तर बदललेलं! तेही गपचूप. कोणी बदलायला लावलं, त्यापायी काय रामायण झालं, एका अक्षराचा उल्लेख नाही. माझं डोकंच फिरलं. मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं म्हणालो, "हे उत्तर हेडाऊ मॅडमचं आहे." दोन नव्या शिक्षकांनी मोबाइलमधून मान वर केली. त्यातला एक म्हणाला, "कोण हेडाऊ मॅडम?"

आता याला काय म्हणावं! म्हणून हे लिहायला बसलो.

रत्नमाला हेडाऊ आमच्या इतवारीच्या शाळेत अठरा वर्षं विज्ञान शिकवत होत्या. शाळा कसली, दोन मजली इमारत. खाली भांड्यांची दुकानं, वर आमचे वर्ग. मी कविता रंगात येऊन म्हणत असलो की नेमकी खाली कोणाची तरी परात आपटायची आणि पोट्टे खिदळायचे. मला त्या आवाजाचा राग यायचा. हेडाऊ मॅडम मात्र शिकवता शिकवता थांबायच्या आणि विचारायच्या, "परात पडली. कोणी ओढली?" वर्ग एका सुरात ओरडायचा, "पृथ्वीनं!" आणि तास पुढे चालू.

बाई ठेंगण्या, आवाज खणखणीत. सुती साडी, पायात रबरी तळव्यांच्या चपला आणि खांद्याला एक रेक्झिनची पिशवी. त्या पिशवीत काय नसायचं! ताणकाटा, कप्पी, सुतळीचा गुंडा, गोट्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे. एकदा डबा काढायला हात घातला तर हातात अर्धा किलोचं वजन आलं. "जेवणापेक्षा हेच जड आहे," म्हणाल्या आणि तेच टेबलावर ठेवून त्याच्याखाली खडूनं बाण काढू लागल्या. बाण काढायची त्यांना भारी खोड. कपाटावर बाण, बाकावर बाण, पाण्याच्या माठावर खाली जाणारा एक आणि वर येणारा एक. शिपाई मोहन रोज पुसायचा आणि रोज कुरकुरायचा. एकदा माझ्या टिफिनवर बाण निघाला तेव्हा मी चिडलो. त्या म्हणाल्या, "सर, पुसून काय होते? बल तिथंच राहते."

आणि त्यांचं एक पालुपद होतं: "कोणी? कोणावर?" बल म्हटलं की हे दोन प्रश्न. 'जोर लागला' असं कोणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. कोणी लावला, कोणावर लावला, ते आधी सांगा, मग पुढं बोला. वर्गात ठीक आहे हो, पण या स्टाफरूममध्येही तेच! मुख्याध्यापक म्हणायचे, "निकाल वाढवायचा दबाव आहे." लगेच कोपऱ्यातून खणखणीत आवाज, "कोणाचा? कोणावर?" मुख्याध्यापक चष्मा पुसत बसायचे. "वरून आदेश आहे" म्हटलं की, "वरून म्हणजे? वर तर मले पंखा दिसून राहिला." आम्ही हसायचो आणि मनात म्हणायचो, या बाईचं काही खरं नाही.

मीही त्यांच्या तावडीतून सुटलो नाही. फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम माझ्याकडे. एक दिवस मोठ्या हौसेनं वळणदार अक्षरात लिहिलं, 'दुसऱ्याला दिलेलं दुःख आपल्याकडेच परत येतं, हाच गतीचा तिसरा नियम.' माझ्यावर मीच खूश. प्रार्थना संपायच्या आत मॅडमनी येऊन डस्टरनं निम्मी ओळ पुसली.

"अहो, हे काय?" मी म्हणालो.

"दुःखाचं काय करायचं ते तुम्ही पाहा सर. पण माह्या तिसऱ्या नियमाले कीर्तनात बसवू नका. पाप केलं का मग शिक्षा, असं नाही हो ते. आधी क्रिया अन् मागून प्रतिक्रिया असंही नाही. दोघी संगंच येते, संगंच जाते. अन् एका वस्तूवर तर कधीच नसते. तुम्ही मले लोटलं तर एक बल माह्यावर, एक तुमच्यावर."

"मी कशाला लोटू तुम्हाला!"

"उदाहरण आहे सर," त्या म्हणाल्या. सगळी शाळा रांगेत उभी राहून हे ऐकत होती. मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

एकदा तर त्या अख्खी नववी घेऊन भर बाजारात उतरल्या. प्रश्न असा होता: ठेलेवाला ठेल्याला पुढं ओढतो, ठेला त्याला तेवढ्याच बलानं मागं ओढतो, मग ठेला चालतोच कसा? वर्गात कोणाला जमेना. म्हणून ही वरात खाली. चाळीस पोरं, समोर तांदळाच्या पोत्यांनी लादलेला ठेला आणि दांडा धरून उभा असलेला रामाजी नावाचा म्हातारा. मागं टेम्पोवाल्यांचे हॉर्न. मॅडमनी त्याला तोच प्रश्न विचारला. मी खिडकीतून पाहत होतो.

रामाजीनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "मागं ओढते हे बरोबर हाय, मॅडम. खांद्याले समजते न. पण मी पायानं जमीन मागं लोटतो. जमीन मले पुढं लोटते. तिकडं तेलवाल्याच्या दुकानापुढं तेल सांडून असते. तिथं पैलवान आणा, ठेला हालत नाही. पायाले जमीन भेटली पायजे."

मॅडमनी पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या. भर इतवारीत. म्हातारा असा लाजला की विचारू नका. त्या दिवशी तास-नोंदवहीत मॅडमनी लिहिलं, 'आजचा तास श्री. रामाजी, ठेलेवाले, यांनी घेतला. विषय: घर्षण.' मुख्याध्यापकांनी लाल शाईत शेरा मारला, 'खुलासा करावा.' मॅडमनी खाली खुलासा केला, 'तास उत्तम झाला.'

तर अशी ही बाई. आता त्या प्रश्नाचं सांगतो.

आमच्या संस्थेच्या सात शाळा. नववीच्या शेवटी सगळ्यांची मिळून एक निवड चाचणी व्हायची आणि तिच्यातून चाळीस मुलं सीताबर्डीच्या मुख्य इमारतीत दहावीच्या विशेष तुकडीत जायची. तिथं चांगली प्रयोगशाळा, चांगले शिक्षक, सगळं चांगलं. आमच्या इतवारीच्या शाळेतून वर्षाला एखादं पोर लागलं तरी आम्ही पेढे वाटायचो. त्या वर्षी आमची आशा होती आचल बावणे. वडील नाहीत, आई कळमन्याच्या मार्केटमध्ये मिरच्यांचे देठ खुडायला जायची. पोरगी हुशार, आणि हेडाऊ मॅडमच्या तालमीत तयार झालेली. ती विशेष तुकडीत गेली नाही तर दहावीनंतर आईच्या शेजारी बसून देठ खुडणार, हे तिला, तिच्या आईला आणि आम्हाला, सगळ्यांनाच माहीत होतं.

विज्ञानाच्या पेपरात दोन गुणांचा प्रश्न होता. टेबलावर पुस्तक स्थिर आहे. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते. तिसऱ्या नियमानुसार या बलाचं प्रतिक्रिया बल कोणतं? संस्थेच्या गाईडात उत्तर होतं, टेबल पुस्तकाला वर ढकलतं ते. आचलनं लिहिलं, पुस्तक पृथ्वीला वर ओढतं ते. शून्य! आमच्या शाळेतल्या आणखी दहा जणांनी तेच लिहिलं होतं, त्यांनाही शून्य. यादी तयार झाली तेव्हा आचल एक्केचाळिसावी. एका गुणानं हुकली.

ती लावण्याआधी तिच्यावर प्रत्येक विषयाच्या नियामकाची, म्हणजे गुण फेरतपासणाऱ्या शिक्षकाची, सही लागायची. मराठीचा नियामक मी. मी चहाचा कप खाली ठेवायच्या आत सही ठोकून मोकळा झालो होतो, खोटं कशाला बोलू. विज्ञानाच्या नियामक हेडाऊ मॅडम. त्यांनी पेन बंद केलं. "गाईडातलं उत्तर चूक आहे. अकरा मुलांचे दोन-दोन गुण द्या, मग सही."

झालं! गाईड लिहिलेलं घाटोळे सरांनी, तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. ते लालबुंद झाले. म्हणाले, वजन खाली, टेबलाचं बल वर, दोन्ही समान, दोन्ही विरुद्ध, अजून काय पाहिजे? मॅडम म्हणाल्या, "दोन्ही एकाच पुस्तकावर आहे न सर. जोडी एका वस्तूवर नसते." प्रकरण संस्थेच्या अध्यक्षांकडे गेलं. त्यांना सगळे बाबूजी म्हणतात. माणूस दिलदार, देहानं भारदस्त. त्यांनी आम्हा सगळ्यांना सीताबर्डीला बोलावलं.

मॅडम रिक्षातून उतरल्या त्या कडेवर शाळेचा वजनकाटा घेऊन. आरोग्य तपासणीचा, तबकडीवर काटा फिरणारा. बाबूजींनी विचारलं, "हे काय आणलं मॅडम?"

"बाबूजी, दोन मिनिटं लिफ्टमध्ये चला."

सहा माणसांच्या लिफ्टमध्ये आम्ही चौघं: बाबूजी, घाटोळे सर, मॅडम आणि भिंतीला चिकटलेला मी. बाबूजी काट्यावर उभे राहिले. ब्याण्णव. आमच्यापैकी कोणीही तो आकडा मोठ्यानं वाचला नाही. मॅडमनी पाचव्या मजल्याचं बटण दाबलं. लिफ्ट हलली आणि काटा उडाला अठ्ठ्याण्णववर, मग परत ब्याण्णव. "आता खाली," मॅडम म्हणाल्या. लिफ्टनं खाली जायला सुरुवात केली तसा काटा शहाऐंशीवर आला.

"बाबूजी, एवढ्यात तुम्ही बारीक झाले का?"

"नाही न वं बाई," बाबूजी हसू लागले.

"पृथ्वी तुम्हाले तेवढीच ओढून राहिली. बदललं ते काय? काटा तुमच्या पायांले वर लोटून राहिला, ते. एक बदललं, एक नाही बदललं. मग ह्या दोघी जोडीदार कशा? जोडीत तर एक कमी झाली का दुसरी त्याच क्षणी कमी झाली पाहिजे. तुम्हाले पृथ्वी ओढते, त्याची जोडी एकच. तुम्ही पृथ्वीले ओढता."

"मी?" बाबूजी म्हणाले.

"हाव. तेवढ्याच बलानं."

बाबूजींनी लहान मुलासारखी लिफ्ट आणखी तीनदा वरखाली करवली. बाहेर माणसं खोळंबली. घाटोळे सर तबकडीकडे टक लावून पाहत होते. हळूच म्हणाले, "मले माह्या सरांनी असंच शिकवलं होतं. मी तसंच शिकवत आलो." मला त्या क्षणी त्यांची फार दया आली. तीस वर्षांची नववी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली असणार.

मला वाटलं, जिंकलो! कसलं काय. खुर्चीत बसल्यावर बाबूजी पुन्हा अध्यक्ष झाले. "मॅडम, तुमचं पटलं. पण गाईड सातही शाळांत वाटून झालं. आता चूक म्हटलं तर संस्थेची शोभा होते. असं करू, त्या बावणेच्या पोरीले दोन मार्क ग्रेस देऊन टाकू. नंबर लागून जाईल तिचा. मामला खतम."

मी मॅडमना टेबलाखालून खुणावलं, घ्या, घ्या! त्या उभ्या राहिल्या. "ग्रेस चुकलेल्याले देतात, बाबूजी. तिचं उत्तर बरोबर आहे. तसं लिहून द्या, अकरा जणांसाठी. नाहीतर मी सही नाही करत." आणि वजनकाटा कडेवर घेऊन चालत्या झाल्या.

परतताना मी त्यांच्यावर भडकलो. म्हणालो, "पोरीचा नंबर लागत होता! तुमचं तत्त्व तुमच्याजवळ ठेवा न!" दुसऱ्या दिवशी आचलची आई शाळेत आली. कळमन्याहून थेट आलेली, बोटं लाल, पदरानं डोळे पुसायचीही चोरी, कारण हाताला मिरची. मागं आचल.

"मॅडम, ते मार्क देऊन राहिले तर तुम्ही काहून नाही म्हणून राहिल्या? तुमाले काय जाते? तुमची नोकरी पक्की. साल माह्या पोरीचं जाईन. म्या तिले त्या मिरचीत बसवू का?"

हेडाऊ मॅडमनी हातातला खडू टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "बावणेबाई, तुमचं खरं आहे. तिच्या जिवावर मी लढू नाही शकत. मले तो हक्क नाही. आचल, तू म्हणशील तर आत्ता फोन करून सांगते. ग्रेस घेऊ, सही करू."

पोरगी दाराला टेकून उभी होती. "मॅडम, ग्रेस घेतला तर माझं उत्तर चूकच राहीन न?"

"हाव."

"अन् मीनल, सानिया, त्यांचं बी?"

"हाव."

"मग नको."

आईनं कपाळावर हात मारायला उचलला आणि मिरची आठवून तसाच खाली घेतला. "अवं, तुले समजते का काय म्हणून राहिली? पक्कं बरोबर हाय का तुहं उत्तर? काय लिहिलं होतं तू?"

"पुस्तक पृथ्वीले ओढते, आई."

"येवढूसं पुस्तक?"

"हाव. पृथ्वी पुस्तकाले जेवढी ओढते, तेवढ्याच जोरानं. थोडंही कमी नाही."

टेबलावरचं एक पुस्तक बाईनं मनगटानं जरासं सरकवलं, त्याच्याकडे पाहिलं आणि मॅडमकडे वळून म्हणाली, "असं हाय काय? मंग नका करू सही."

मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो आणि तिथूनच मोहनवर उगाच खेकसलो.

पाच दिवस सही झाली नाही. पाच दिवस यादी अडली. सातही शाळांचे पालक संस्थेत फेऱ्या मारू लागले. यादी का लागत नाही, विचारू लागले. मॅडमना मुख्याध्यापकांनी समजावलं, संस्थेच्या सचिवांनी दम दिला, 'बरं होणार नाही' असंही एकानं फोनवर सांगितलं. त्यांनी फोनवरही विचारलं, "कोणाचं?" शेवटी सहाव्या दिवशी खुद्द घाटोळे सर संस्थेत गेले आणि लेखी देऊन आले: 'माझं उत्तर चुकीचं होतं.' तीस वर्षांची पत पणाला लावून दिलेलं ते एक वाक्य. मोठाच माणूस म्हणायचा. मग सुधारणापत्रक निघालं, अकराही जणांना दोन-दोन गुण मिळाले. नवी यादी लावताना आचल चौतिसावी. आमच्या आणखी दोघी आत आल्या. त्यामुळे दुसऱ्या शाळांची तीन मुलं बाहेर पडत होती, तेव्हा बाबूजी म्हणाले, "तीन पोट्ट्यांनी काय इमारत पडते? बाकं वाढवा." मॅडमनी सही केली. वळणदार, सावकाश, पूर्ण नावानिशी.

आम्ही पेढे वाटले. बावणेबाईनं मॅडमच्या हातात पेढा ठेवला आणि लगेच ओरडली, "खाऊ नका, हाताले मिरची हाय!" तोवर मॅडमनी तो तोंडात टाकला होता. नाकाडोळ्यांतून पाणी, पण पेढा संपवला.

आता पुढचं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपून शाळा सुरू झाली आणि आठ दिवसांत हेडाऊ मॅडमच्या बदलीचा आदेश आला. भिवापूरच्याही पुढं संस्थेची एक छोटी शाळा आहे, तिथं. रोज जाऊन येऊन होण्यासारखी नाही. आदेश आला त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या अंगात नेमकी कणकण आली, ते रजेवर. आणि प्रभारी म्हणून मी त्यांच्या खुर्चीत.

मॅडम ऑफिसात आल्या. क्लार्क कुंभारे यांनी खाली मान घालून कागद पुढं केला. त्यांनी चष्मा लावून उभ्यानंच वाचला. 'श्रीमती हेडाऊ यांची त्यांच्या विनंतीवरून बदली करण्यात येत आहे. त्यांना आज कार्यालयीन वेळेनंतर कार्यमुक्त समजावे.'

"कुंभारे, मी विनंती कधी केली?"

"मॅडम, तसं लिहायची पद्धत आहे. तुमच्याच सोयीसाठी. शिक्षा म्हणून लिहिलं तर सर्व्हिस बुकात दिसते न."

"मले पेन द्या."

त्यांनी 'त्यांच्या विनंतीवरून' या दोन शब्दांवर आडवी रेघ ओढली. वर बारीक पण स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'बरोबर उत्तरांना गुण मागितल्यामुळे.' खाली सही केली, तारीख टाकली. दोन्ही प्रतींवर.

"मॅडम, ऑफिसचा कागद आहे!" कुंभारे उठूनच उभे राहिले. "असं खोडता येत नाही."

"येते. आता पोच द्या, शिक्का मारून."

कुंभारेंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची मुलगी त्याच वर्षी आमच्याच संस्थेत शिक्षिका म्हणून लागायची होती. बिचाऱ्याचा हात ड्रॉवरपर्यंत जाऊन थांबला. माझ्या निवृत्तीला अडीच वर्षं होती. भीती मलाही वाटली, का नाही वाटणार? पण चहा पिता पिता यादीवर ठोकलेली माझी ती सही मला रात्रंदिवस खात होती. मी ड्रॉवर ओढला, शिक्का काढला आणि मारला. शाई सुकलेली, अर्धाच उमटला. मी पॅडवर पाणी शिंपडलं आणि पुन्हा मारला, दोन्ही प्रतींवर, चांगला दाबून. खाली प्रभारी मुख्याध्यापक म्हणून सही केली.

मॅडमनी कागद उजेडात धरून तपासला, घडी घालून पिशवीत ठेवला. थँक्यू नाही, काही नाही. मीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मॅडम, चला, चहा घेऊ. आता तुम्ही मोकळ्या झालात."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "कार्यालयीन वेळेनंतर, असं लिहिलं आहे सर. आत्ता पावणेचार झाले. आठवी ब माही वाट पाहून राहिली असेल."

खडूचा डबा उचलून त्या जिना चढून वर्गात गेल्या.